‘बायसिकल थीव्ज’मधली सायकल कोणत्या मेकची? प्रकल्प नोंदी

१० जून २०२५

एन्झो स्टायोला ४ जूनला गेले. ‘बायसिकल थीव्ज’ या १९४८ च्या इटालियन चित्रपटात बापाबरोबर चोरीला गेलेली सायकल शोधत हिंडणारा छोटा ब्रुनो. ८५ वर्षांचे होते. फिल्म क्लबाच्या बैठकीत ठरलं की जुलैअखेर हा चित्रपट दाखवायचा आणि हॉलच्या दाराशी एक जुनी सायकल उभी करायची, शेजारी छोटी पाटी. सायकल आणि पाटी दोन्ही माझ्या गळ्यात पडल्या. मी नोकरीभर पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवलं, म्हणून मला सायकलीतलं कळतं असा क्लबात समज आहे.

काम दोन भागांत: चित्रपटातली सायकल कोणत्या मेकची ते ठरवायचं, आणि पुण्यात तिच्या जवळ जाणारी एखादी मिळवायची.

पहिला भाग वरवर पाहता झालेलाच आहे. सायकल चोरीला गेल्यावर ब्रुनोचा बाप अंतोनियो पोलीस चौकीत वर्णन देतो: फिडेस, ३५ सालचं मॉडेल, लाइट. चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण हे पटकथेतलं नाव झालं. १९४८ साली रोमच्या रस्त्यावर कॅमेऱ्यासमोर जी लोखंडाची वस्तू आणून उभी केली, तिच्यावर काय होतं हा वेगळा प्रश्न. दिग्दर्शक डी सिकाने अंतोनियोच्या भूमिकेसाठी नट घेतला नाही. लाम्बेर्तो माज्जोरानी हा ब्रेडाच्या कारखान्यातला कामगार घेतला. अमेरिकेतून निर्माता सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण त्याला त्या भूमिकेत कॅरी ग्रँट हवा होता, म्हणून ते पैसे नाकारले. माणसाच्या बाबतीत इतका हट्ट धरणाऱ्याने सायकलही अशीच कुठूनतरी वापरातली उचलली असणार, असा माझा अंदाज आहे. तेव्हा पाहू.

१२ जून

आवाज बंद करून, फक्त सायकलीकडे बघत चित्रपट पाहिला. असा पाहिला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही: सायकल फार थोडा वेळ आहे. सगळा चित्रपट तिच्यासाठी आणि ती स्वतः सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत संपते. पुढे पोर्ता पोर्तेसेच्या बाजारात चोर तिच्यावर दिसतो तेवढाच.

कामाच्या जागा टिपून ठेवल्या. गहाणखान्यातून ती सोडवून आणतात ते दृश्य (चादरी गहाण ठेवून सायकल सोडवायची, तिथल्या मांडण्या छतापर्यंत गाठोड्यांनी भरलेल्या). बायकोला, मारियाला, पुढच्या नळीवर बसवून दोघं जातात तो प्रवास. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रुनो ती पुसतो ते दृश्य. मग ब्रुनोला पेट्रोल पंपावर सोडणं, शिडी खांद्यावर घेऊन पोस्टर लावायला जाणं आणि चोरी.

यातून जे नक्की दिसतं ते इतकंच: पुरुषांची फ्रेम, वरची नळी आडवी. गडद रंग. ब्रेकला तार नाही, सळया आहेत. स्पोर्ट्स सायकलीचं खाली वळलेलं हँडल नाही, रोजच्या वापराचं आहे. हेडट्यूबवर (हँडलखालची उभी नळी) जिथे कंपनीचा बिल्ला असतो तिथे कॅमेरा आमच्या प्रतीत तरी अक्षरं वाचता येतील इतका जवळ कुठेच जात नाही.

पहाटेच्या दृश्यात ब्रुनो बापाला विचारतो, यांनी काय करून ठेवलंय पाहिलंत का? पोचा आलाय. बाप म्हणतो, आधीचाच असेल. ब्रुनो म्हणतो, नव्हता. गहाणखान्यात सायकल असताना तो पोचा आला हे पोराला ठाम माहीत आहे. मेकपेक्षा ही ओळख जास्त पक्की. ती टिपून ठेवते, पुढे कामाला येईल असं वाटतंय.

१४ जून

मोजमापाचा दिवस. जुना सवयीचा रोग.

फोटोतून माप काढायला एक तरी गोष्ट ठरलेल्या आकाराची लागते. सायकलीत ती चेन. रोजच्या सायकलीच्या चेनचं पिच (लागोपाठच्या दोन सांध्यांमधलं अंतर) अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, इटलीतही तेच आणि आपल्याकडेही तेच. चेनव्हीलचे दात मोजता आले की त्याचा व्यास निघतो: ४६ दाती असेल तर साधारण १८६ मिलिमीटर, ४८ दाती असेल तर १९४. त्याला चाकाच्या व्यासाशी ताडून पाहायचं. २८ इंची रोडस्टरचं (रोजच्या वापराच्या साध्या सायकलीचं) चाक टायरसकट ७१० मिलिमीटरच्या आसपास, २६ इंचीचं ६६० च्या. म्हणजे ४६ दाती चेनव्हीलला २८ इंची चाक ३.८ पट येतं आणि २६ इंची ३.५५ पट. हा फरक पडद्यावर मोजता येण्याजोगा आहे.

सायकल कॅमेऱ्याला अगदी आडवी नसली तरी चालतं. चाक लंबवर्तुळ दिसतं. त्याचा उभा व्यास खरा आणि आडवा आखडलेला. आडवा भागिले उभा ०.९ आला की सायकल सुमारे २६ अंश वळलेली आहे, आणि त्याच गुणोत्तराने बाकीची आडवी मापं सरळ करून घ्यायची. विद्यार्थ्यांना हे करून दाखवायला मला फार आवडलं असतं.

अडचण वेगळीच आहे. दात मोजता येत नाहीत. आणि दात कळले नाहीत तर २८ इंची चाक व ४८ दाती चेनव्हील ही जोडी ३.६६ देते, जी २६ इंची व ४६ दातींच्या ३.५५ ला जवळजवळ खेटून बसते. फिल्मच्या दाण्यात आणि हलत्या चित्रात एवढा फरक हरवतो. चाकाचा आकार कळला असता तरी मेक कळला नसता म्हणा. एकाच आकाराची चाकं शंभर कंपन्यांनी लावली. वही बंद केली.

१७ जून

नारायण पेठेतल्या सायकलवाल्या मामांकडे लॅपटॉप घेऊन गेले. मामांच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तासावर सायकल द्यायची, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. आता भाडं बंद, दुरुस्ती चालू. चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही. मी फक्त थांबवलेली चित्रं दाखवली.

मामांनी आधी चष्मा वर केला, मग लॅपटॉपच वर उचलून धरला.

“ही आपली नाही. विलायतीपण नाही.”

कशावरून विचारलं तर हँडलवर बोट ठेवलं. आपल्याकडच्या रॅले, हर्क्युलिस, हिंद, पुढे हीरो-ॲटलास, सगळ्यांच्या सळईब्रेकचा घाट इंग्रजी. हँडलच्या बाहेरून, त्याच्याच वळणाने लिव्हर जातो, हँडलला क्लिपांत अडकवलेला असतो, त्यातून सळई खाली उतरते आणि रबरं रिमला खालून, टायरच्या बाजूने नव्हे तर आरे बसतात त्या अंगाने, वर ओढून दाबतात. म्हणून रिमही तशीच लागते, दोन्ही कडांना सपाट पट्टी असलेली. मामांच्या मते चित्रातलं हँडल “जास्त बारीक बांध्याचं” आहे आणि मडगार्डही अंगाला चिकटून बसलेत.

त्यांचा शब्द मला आवडला, कारण इटलीतल्या सायकली तशाच होत्या. तिथेही सळईब्रेकच चालायचे, पण तिथल्या कारागिरांनी ते हँडलशी एकजीव केले. महागड्या मॉडेलांत तर सळया हँडलच्या नळीच्या आतून नेल्या, बाहेरून काही दिसूच नये म्हणून. उंबेर्तो देई आणि बियांकीच्या चांगल्या सायकलींत हे पाहायला मिळतं. सरळसर, थोडं पुढे झुकायला लावणारं ‘कोंडोरिनो’ हँडलही तिथलंच, तेही सळईब्रेकसकट.

मामांना विचारलं, बिल्ला दिसत नसेल तर मेक कसा ओळखायचा? ते म्हणाले, आधी चेनव्हील. रॅले असेल तर चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी. बीएसए असेल तर तीन अक्षरं कापलेली. हंबर असेल तर पुढचं चाक धरणारा चिमटाच सांगतो, दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्या. बाकी रंग, स्टिकर, सीट यांवर विश्वास ठेवायचा नाही. “रंग काय ताई, रात्रीत बदलतो.”

इथे मी त्यांना चित्रपटातलं पियाझ्झा व्हित्तोरिओच्या बाजाराचं दृश्य दाखवलं. अंतोनियो आणि त्याचे दोस्त कामं वाटून घेतात: एकाने फ्रेमी बघायच्या, एकाने टायर, ब्रुनोने पंप आणि घंट्या. मामा खूश झाले. चोर सायकल अख्खी विकत नाही, सुटी करून विकतो, हे ज्याने लिहिलं त्याला धंदा माहीत आहे म्हणाले. मग तो माणूस येतो जो फ्रेमला रंग मारत बसलाय आणि तिच्यावर ठोकलेला नंबर दाखवायला तयार नाही. शेवटी पोलीस बोलवावा लागतो, नंबर वाचला जातो आणि तो जुळत नाही. मामांनी ते दृश्य परत लावायला सांगितलं.

“मेक कुणी विचारला का बघा त्यात? नंबर विचारला.”

खरंच, बाजारात कोणी ‘फिडेस आहे का’ म्हणून हिंडत नाही.

२१ जून

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद. घरात बसून इटलीच्या कंपन्यांचा पसारा लावला.

मोठी नावं सहज हाताला लागतात. एदोआर्दो बियांकीने १८८५ साली मिलानमध्ये सुरुवात केली; फिकट हिरवट निळा रंग आणि मुकुट घातलेला गरुड ही तिची ओळख. लेन्यानोच्या बिल्ल्यावर तलवार उंचावलेला योद्धा, अल्बेर्तो दा जुस्सानो. शर्यतपटू बार्ताली लेन्यानोचा, त्याचा प्रतिस्पर्धी कोप्पी आधी तिथेच, मग बियांकीकडे गेला. शिवाय मायनो, अताला, ताउरुस, फ्रेजुस, गान्ना, ओलिंपिया. या झाल्या रेसिंगच्या बातम्यांमुळे टिकलेल्या. त्यांच्या खाली गावोगावच्या कारागिरांचा मोठा थर होता. ते नळ्या, लग (नळ्या जोडणारे सांधे), हब, चेनव्हील बाजारातून घेत, फ्रेम जोडत, रंग देत आणि स्वतःच्या नावाचा बिल्ला ठोकत. म्हणजे दोन वेगळ्या नावांच्या सायकली एकाच मालाच्या असू शकत, आणि एका नावाच्या दोन सायकलींचा माल वेगळा. सायकलीचा घाट पाहून देश आणि काळ सांगता येतो. बिल्ला न दिसता मेक सांगतो म्हणणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं मला कौतुक वाटतं, एवढंच.

त्यावर युद्ध. रोम जर्मनांच्या ताब्यात असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, शहरात सायकल चालवायला बंदी आली, कारण प्रतिकार करणारे सायकलवरून हल्ले करून गल्लीबोळांत नाहीसे होत. लोकांनी काय करावं? सायकलीला बाजूने तिसरं चाक जोडलं: ही सायकल नाही, तीनचाकी आहे. (हे वाचून मला सदाशिव पेठेची आठवण आली.) मग त्यावरही बंदी आली. अशा शहरातून १९३५ ची सायकल १९४८ पर्यंत पोचते तेव्हा तिचे टायर, सीट, पायडल, चेन मूळचे असतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. रबराची तर टंचाईच होती.

आणखी एक धागा. तीसच्या दशकात इटलीत सायकलीवर कर होता आणि भरल्याची खूण म्हणून धातूची छोटी पट्टी फ्रेमला लावावी लागे. आपल्याकडेही म्युनिसिपालटीचा सायकल बिल्ला असायचाच. आमच्या वडिलांच्या सायकलीला होता, दरवर्षी नवा, आणि त्याशिवाय पकडलं की दंड. जुन्या सायकलींचे शौकीन इटलीत आता या पट्ट्यांवरून साल लावतात. म्हणजे कंपनीच्या बिल्ल्यापेक्षा कराची पट्टी जास्त बोलकी. चित्रपट १९४८ चा असल्याने आपल्याला तिचा उपयोग नाही, पण पद्धत लक्षात राहिली.

२५ जून, बुधवार

जुना बाजार. पावसाने निम्मे पथारीवाले आलेच नव्हते. आलेल्यांत सायकली दोन, दोन्ही अलीकडच्या, गिअरच्या. एका पथारीवर सळईब्रेकचे सुटे लिव्हर, गंजलेले. घेतले नाहीत.

२९ जून, रविवार

पुन्हा जुना बाजार, या वेळी मामा बरोबर. आल्या आल्या पाऊस. ताडपत्रीखाली उभं राहावं लागलं. पोर्ता पोर्तेसेचा बाजारही रविवारचाच, आणि चित्रपटात तिथेही नेमका पाऊस येतो, बापलेक भिंतीशी अंग चोरून उभे असतात आणि शेजारी जर्मन बोलणारे पाद्री विद्यार्थी येऊन दाटी करतात. त्यांतला एक तरुण सेर्जिओ लिओने आहे, पुढे वेस्टर्न चित्रपटांनी गाजलेला. पुण्याच्या ताडपत्रीखाली आमच्याबरोबर एक पितळी भांडीवाला आणि ग्रामोफोनच्या भोंग्यांचा ढीग होता.

पाऊस ओसरल्यावर एका कोपऱ्यात काळी रोडस्टर सापडली. विकणारा म्हणाला, “इंग्लंडची आहे, ओरिजनल रॅले.” मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खाली बसले आणि चेनव्हीलवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं. बगळे होते. मग हेडट्यूबवरचा बिल्ला: सेन-रॅले. म्हणजे नॉटिंगहॅमची नव्हे, बंगालमधल्या आसनसोलच्या कारखान्यातली. मागचं चाक दुसऱ्याच कुठल्या सायकलीचं, सीट नवं रेक्झिनचं, एक पायडल प्लॅस्टिकचं. पुढचा ब्रेक पूर्ण, मागच्याची खालची सळई गायब.

माझ्या मनात इटालियन घाट होता, म्हणून मी नाक मुरडलं. मामांचं म्हणणं सरळ: पुण्यात इटालियन रोडस्टर शोधत बसलात तर चित्रपटाचा खेळ पुढच्या वर्षी करावा लागेल. ही त्याच पिढीच्या बांधणीची आहे, सळया आहेत, नळी आडवी आहे, त्यावर माणूस बसवता येतो. विकत घेण्याऐवजी महिनाभर भाड्याने मागितली. विकणारा आधी हसला, मग तयार झाला. अनामत घेतली आणि माझा फोन नंबर स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला.

इटालियन आणि इंग्रजी घाटातला एक फरक मामांनी तिथेच दाखवला, हातात असल्याशिवाय न दिसणारा. खालच्या बीबीचे, म्हणजे पायडलांचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटचे आटे. इंग्रजी पद्धतीत चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे चालवताना तो सैल होत जात नाही. इटालियन पद्धतीत दोन्ही कप सुलट्या आट्यांचे, व्यास ३६ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. एकदा पाना लावला की घाट इंग्रजी की इटालियन ते कळतं. चित्रपटाला पाना लावता येत नाही ही माझी अडचण.

३ जुलै

लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म आर्काइव्हच्या ग्रंथालयात अर्धा दिवस. स्थिरचित्रांची पुस्तकं चाळली. स्थिरचित्रं बहुतेक प्रसिद्धीसाठी वेगळी काढलेली असतात, चित्रपटातला क्षण तोच नसतो, त्यामुळे त्यांत दिसलेली सायकल पुरावा म्हणून धरताना जपून. सळईब्रेकवर मात्र त्यांनीही शिक्कामोर्तब केलं.

पाटीसाठी एक ओळ मिळाली: जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला तेव्हा हा चित्रपट त्यात होता. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. सत्यजित रे यांनी मात्र ‘बायसिकल थीव्ज’ आधीच, १९५० साली लंडनमध्ये पाहिला होता. पाटीवर हे सगळं मावणार नाही, मुंबईचं तेवढं घेऊ.

८ जुलै

क्लबात वादावादी. एका सभासदाची सूचना अशी: सायकलला काळा रंग द्या, सेन-रॅलेचा बिल्ला काढून ठेवा, त्या जागी ‘फिडेस’ असं सुंदर अक्षरांत लिहून बिल्ला बनवून लावा. ग्राफिक करणारी मुलगी एका दिवसात करून देईल. लोक फोटो काढतील.

मी विरोध केला, आणि जरा जोरातच. ज्या चित्रपटात चोरीचा माल लपवायला फ्रेमीला रंग मारणारा माणूस दाखवलाय, त्याच्या दाराशी आपण रंग मारून, बिल्ला बदलून सायकल ठेवायची? सूचना करणाऱ्याचं उत्तरही अगदीच टाकाऊ नव्हतं. तो म्हणाला, डी सिकाच्या माणसांनीही असंच काही केलं नसेल कशावरून? पडद्यावर तर नाव वाचताच येत नाही, मग नाव फक्त संवादात आहे. आपणही फक्त पाटीत ठेवू आणि सायकलवर सुशोभन म्हणून.

मला वाटतं मेकचा प्रश्न इथे सुटला. फिडेस हे नाव चित्रपटात ज्या जागी येतं ती जागा पोलीस चौकी आहे. मेक, साल, प्रकार: हे रकाने तक्रार लिहून घेणाऱ्याचे असतात. रोममध्ये त्या वर्णनाच्या सायकली कितीतरी असणार, आणि चौकीतला माणूस तेच सुचवतो: तक्रार नोंदवली, आता तुमची तुम्ही शोधा. शोधायला निघाल्यावर उपयोगी पडतो तो ठोकलेला नंबर. आणि घरच्यांपुरता, ब्रुनोला दिसलेला पोचा. शेवटी स्टेडियमबाहेर सायकलींच्या रांगाच रांगा उभ्या असतात, मेकांची तिथे कमी नाही.

तेव्हा पाटीवर ‘फिडेस’ हे अंतोनियोच्या तोंडचं वर्णन म्हणून जाईल. पडद्यावरच्या सायकलीबद्दल ‘इटालियन रोडस्टर, सळईब्रेक’ एवढंच. दाराशी उभ्या सायकलीबद्दल तिचं खरं नाव. तीन वाक्यं, तीन वेगळे दावे. मत घेतलं, माझ्या बाजूने एकच मत जास्त पडलं. बिल्ला बनवणारी मुलगी तटस्थ राहिली.

१५ जुलै

मामांच्या दुकानात काम. रंगाला हात लावलेला नाही. रॉकेलने चेन आणि हब धुतले, छर्रे बदलले, पायडलाचा दांडा आसाला धरून ठेवणारी एक कॉटर पिन सैल होती ती नवी ठोकली. मागच्या ब्रेकची सळई मामांनी जुन्या सामानातून काढून वाकवून बसवली. सळईब्रेकची जुळणी हे संयमाचं काम आहे: एक नट अर्धा फेरा फिरवला की दुसऱ्या टोकाला रबर रिमला घासतं, ते सोडवलं की लिव्हर ढिला. आताच्या मुलांना तार ओढून बांधायची सवय, त्यांना हे येत नाही असं मामा म्हणाले. मला येतं का हे विचारलं नाही, नशीब.

प्लॅस्टिकचं पायडल बदलून रबरी ठोकळ्यांची जोडी लावली. सीट तशीच ठेवली, कारण जुनी चामडी सीट विकत घेण्याची किंमत क्लबाच्या खर्चात बसत नाही.

साफ करताना सीटखाली नळ्या जुळतात तिथे नंबर लागला. मेणाचा कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला. तो पाटीवर लावायचा असं आधी ठरवलं होतं, पण मामा नको म्हणाले: नंबर जाहीर लावू नये, उद्या कोणी म्हणेल माझीच. छाप वहीत ठेवला.

पाटीचा मजकूर:

“चित्रपटातील वर्णनानुसार सायकल: फिडेस, १९३५, लाइट. पडद्यावर दिसणारी: पुरुषांच्या फ्रेमची इटालियन रोडस्टर, सळईब्रेक. समोर उभी: सेन-रॅले, आसनसोल. मागचं चाक, सीट व पायडल मूळचे नाहीत. भारतात हा चित्रपट १९५२ च्या मुंबई महोत्सवात दाखवला गेला.”

ग्राफिकवाल्या मुलीने विचारलं, “मूळचे नाहीत” हे लिहायलाच हवं का. हो म्हटलं.

२६ जुलै, शनिवार

खेळ झाला. हॉल भरला, बाहेर पाऊस. सायकलीबरोबर फोटो काढणारे पुष्कळ, पाटी वाचणारे थोडे. एका आजोबांनी पाटी पूर्ण वाचली आणि सेन-रॅलेबद्दल आक्षेप घेतला: आमच्याकडे १९५८ ची होती, तिचं चेनकव्हर पूर्ण बंद असायचं, याचं अर्धं कसं? मामांशी त्यांची जुंपली. चेनकव्हर बदललेलं आहे यावर एकमत झालं आणि पाटीत ‘चेनकव्हर’ हा शब्द मी पेनाने वाढवला.

मामांनी चित्रपट पहिल्यांदा सलग पाहिला. चोरीच्या वेळी त्यांचा आवाज हॉलभर ऐकू आला: “कुलूप नाही लावलं!” लोक हसले. नंतर ते बराच वेळ गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, शेवटी तो ज्या सायकलीला हात घालतो ती धड पाहिलीच नाही, इतक्या घाईत गाडी कशी धरली, पुढचा ब्रेक लागतो का नाही बघायला नको? मी म्हटलं, मामा, तो चोरी करतोय. ते म्हणाले, म्हणूनच तर बघायला हवं.

सोमवारी सायकल परत द्यायची आहे. विकणाऱ्याचा फोन आला होता. सळई नवी बसवल्याचं कळल्यावर त्याने भाव वाढवलाय; मामा म्हणतात, घ्यायचीच असेल तर त्याच्याशी बोलणी ते करतील, मी गप्प बसायचं.